दोन जांभळ्या शिश्या आणि भाऊजींचं नाक

"प्रकाश, तुझे भाऊजी उठून नाई राहिले." ताईच्या फोनवर एवढंच वाक्य होतं. दुपारचे तीन वाजून गेले असतील. साकोलीच्या ज्या कचेरीत मी कारकुनी करतो, तिथं खिडकीसमोर दाखल्यांची रांग लागली होती आणि एका म्हाताऱ्याला मी वैतागून झेरॉक्स आणायला परत पाठवत होतो. ताईचा आवाज इतका साधा होता की मला वाटलं, भाऊजी झोपेतून उठायला आळस करताहेत आणि ती माझ्याकडं गाऱ्हाणं सांगतेय. मी म्हणालो, "झोपू दे नं त्यायले." मग शेजारच्या कुणीतरी फोन हातात घेतला आणि मला सगळं नीट सांगितलं. जेवून आडवे झाले होते, ते तसेच गेले. दोन गाड्या बदलून मी कोंढ्याला पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि ताई भाऊजींच्या उशाशी बसून होती. मी फोनवर काय बोललो हे ती बहुधा विसरली असेल. मला मात्र ते वाक्य अजून टोचतं.

सुखदेव भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, विमलताईचे नवरे. आमच्याकडच्या एका राईस मिलमध्ये ते धान पारखायचे. शेतकऱ्याची ट्रॉली मिलच्या दारात लागली की भाऊजी पोत्यात लोखंडी परखी खुपसायचे, तिच्या पन्हळीतून मूठभर धान बाहेर काढायचे, एक दाणा दाताखाली फोडायचे आणि बाकीची मूठ नाकाशी न्यायचे. माल कोरडा आहे की आत ओल धरली आहे, नवा आहे की जुना, कोठीत उंदीर होते की नव्हते, हे त्यांना तेवढ्यात कळायचं. मालक त्यांच्या शब्दापुढं मोजमापाच्या यंत्रालाही विचारत नसे. मी एकदा त्यांना चिडवलं होतं की तुमच्या नाकाला वेगळा पगार मिळायला पाहिजे. ते हसले नाहीत. म्हणाले, "नाकालेच तं मिळते. बाकीचा सुखदेव फुकट जाते मिलमंदी."

या नाकानं ताईचा संसार चालवला आणि तिच्याकडून एक गोष्ट काढूनही घेतली. आमचा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं. तिला वासाचं भारी वेड. शाळेत जाताना वहीत चाफा दाबून न्यायची, सणावारी कुणाच्या अत्तराच्या बाटलीचं बूच नुसतं मानेला घासून घ्यायची. लग्नात तिच्या मैत्रिणींनी तिला मोगऱ्याच्या अत्तराची बाटली दिली होती. तिसऱ्या दिवशी भाऊजी तिला म्हणाले, "विमल, राग नको मानू. माझी रोजी या नाकावर हाये. घरात वास असला तं दुसऱ्या दिवशी मले धान समजत नाई." ताईनं वाद घातला नाही. बाटली शेजारणीला देऊन टाकली. तेव्हापासून त्या घरात गजरा नाही, पावडर नाही, अंगाला साबणाऐवजी बेसन आणि डोक्याला साधं तिळाचं तेल. संध्याकाळच्या बुद्धवंदनेला आत फक्त मेणबत्ती लागायची, उदबत्ती बाहेर ओसरीच्या टोकाला. मी एकदा सलूनमधून कसलंसं क्रीम लावून गेलो, तर भाऊजींनी दारातच थांबवलं. "बस मंग ओसरीत. चहा तिकडंच पाठोतो." मी ओसरीत बसून चहा प्यायलो आणि मनातल्या मनात त्यांना चार शिव्या घातल्या. ताई हसत होती. पण ते हसणं मी ओळखतो, ती लहान असताना नवी चप्पल मला द्यावी लागली तेव्हाही असंच हसली होती.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या घरात सगळ्यांना ताप येऊन गेला. सगळे बरे झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊजींनी मिल सोडली. गुडघे दुखतात, दिवसभर उभं राहवत नाही, असं त्यांनी सांगितलं. पन्नाशीही न गाठलेल्या माणसाचे गुडघे एवढे कसे गेले, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडला नाही. ताई रोज त्यांच्या गुडघ्यांना तेल लावून चोळायची. ते थोडी शेती बघायचे, तळ्याच्या पारीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसायचे. पूर्वी मस्करीत कुणाला हार जायचे नाहीत, आता कमी बोलायला लागले होते. मला वाटलं, काम सुटलं की माणसाचं असं होतं.

मग भाची शीतल पुण्याला नोकरीला लागली. पहिल्या पगारात आईला सेंट घ्यायचं, हे तिनं शाळेत असल्यापासून ठरवलं होतं. आता बाबांची मिलही नव्हती, त्यामुळं अडवायला कुणी नव्हतं. दुकानातून तिनं नमुन्याच्या दोन शिश्या आणल्या, करंगळीएवढ्या, दोन्ही जांभळ्या, आणि माझ्या पत्त्यावर पाठवल्या. फोनवर म्हणाली, "मामा, दोन्हीत व्हायोलेटचं फूल आहे आणि फळाचा वास आहे. एकात रास्पबेरी, एकात आलुबुखारा. आई म्हणते, बाबा सांगतील ते घेऊ. तू घेऊन जा, मग मी मोठी बाटली घेते." व्हायोलेटचं फूल मी जन्मात पाहिलेलं नाही. रास्पबेरी मला फक्त बर्फाच्या गोळ्यावर ओततात ती माहीत. तरी शनिवारची गाडी पकडून मी दोन्ही शिश्या कोंढ्याला घेऊन गेलो.

ताईनं शिश्या हातात घेतल्या, उजेडात धरल्या, पण उघडल्या नाहीत. भाऊजींसमोर ठेवल्या आणि म्हणाली, "तुमीच सांगा कोन्ती. एवढी वर्स त्या नाकानं साऱ्या तालुक्याचं धान पाहिलं. आता एक डाव माह्यासाठी पाहा." तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिला सेंट हवं होतंच, पण त्याहून जास्त तिला हे हवं होतं की त्या नाकानं एकदा तिच्याकडं वळावं. भाऊजी म्हणाले, "घाई नाई. उद्या सांगतो." शिश्या खिशात टाकल्या आणि मला म्हणाले, "चाल, तळ्यावर जाऊन येऊ."

आम्ही पारीवर जाऊन बसलो. पाण्यात दोन-तीन म्हशी बसल्या होत्या. भाऊजी समोर बघतच म्हणाले, "प्रकाश, मले वास येत नाई."

"सर्दी झाली का?"

"ताप आला होता नं, तवापासून. काईच नाई येत. शेनाचा नाई, भाताचा नाई."

मी विचारलं, मग मिल... ते म्हणाले, गुडघ्यांना काही झालेलं नाही. तापातून उठून कामावर गेले, तेव्हा एका ट्रॉलीतलं धान त्यांनी नेहमीसारखं पाहिलं, दाणा फोडला, मूठ नाकाशी नेली आणि पास केलं. पोतं उचलणारा हमाल म्हणाला, "सुखदेवभाऊ, हे तं वास मारून राहिलं." आत भिजून तापलेलं धान होतं. भाऊजींनी हसून वेळ मारून नेली, तुझंच नाक तपासत होतो म्हणाले. पण त्यानंतर एकाही शेतकऱ्याचा माल त्यांनी पारखला नाही, आणि त्याच आठवड्यात काम सोडलं. खोट्या नाकाचा पगार घेतला नाही, हे मला इथं मुद्दाम लिहायचं आहे.

"मंग ताईले काहून नाई सांगतलं?" मी विचारलं. त्यांनी दोन्ही शिश्या खिशातून काढून पारीच्या दगडावर ठेवल्या. "काय सांगू? वीस-बावीस वर्स तिनं या नाकापायी डोक्यात फूल नाई घातलं. आता मोकळी झाली, तं म्हनू का नाकच गेलं? कोन्या तोंडानं सांगू?" मला राग आला होता. ताईनं दोन वर्षं चोळलेले ते धडधाकट गुडघे माझ्यासमोर होते. पण त्यांच्या आवाजात अशी काही शरम होती की माझा राग तोंडापर्यंत आला नाही. ते म्हणाले, "नाक तुझं. मी इचारीन, तू सांग. अन् मी हाये तवापर्यंत तिले काई बोलजो नको." मी शब्द दिला.

मग त्या माणसानं दोन दिवस मला जे राबवलं! जुन्या धोतराच्या दोन चिंध्या फाडल्या. एका शिशीतले दोन थेंब एका चिंधीवर, तिला एक गाठ. दुसरीचे दुसऱ्या चिंधीवर, तिला दोन गाठी. मी लगेच नाकाशी न्यायला लागलो, तर हात धरला. "पोत्याच्या तोंडावरचा वास घ्याचा नसते. मुठीत धर. गरम होऊ दे. आता तोंडाची वाफ दे तिच्यावर. हां, आता घे." धान पारखायची त्यांची हीच रीत होती, मुठीत ऊब द्यायची, वर गरम श्वास सोडायचा, म्हणजे दाण्याच्या पोटात लपलेला वास वर येतो. एक गाठवाली चिंधी हुंगली आणि मी खूष झालो. पिकलेल्या शहतुतासारखा गोड, रसाळ वास. "गोड म्हंजे कसा?" भाऊजींनी विचारलं. "गुळाचा का साखरेचा? पयले येते का मांगून? घशात लागते का नाकाच्या शेंड्याले?" मी आयुष्यभर दाखल्यांवर शिक्के मारलेला माणूस, मला कुठले एवढे शब्द! दोन गाठींची चिंधी हुंगली, तिचा वास दबका होता. थोडा आंबटगोड, आणि खाली ट्रंकेत घडी करून ठेवलेल्या लुगड्यासारखा काहीतरी. पुन्हा पहिली हुंगली, तर काहीच नाही. पुन्हा हुंगली, तरी नाही. "भाऊजी, माहंबी गेलं."

त्या दिवसांत मी त्यांना एकदाच मोठ्यानं हसताना पाहिलं, ते तेव्हा. "नाई गेलं. थकलं थे. जाय, पानी पिऊन ये अन् म्हशीइकडं तोंड करून बस." दहा मिनिटांनी वास खरंच परत आला, पहिल्याइतकाच ठसठशीत. शीतलनं नंतर सांगितलं की व्हायोलेटचं तसंच असतं म्हणे, दुकानातल्या पोरीही म्हणतात, मधेच नाहीसं होतं आणि मग पुन्हा येतं. भाऊजींना ते माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांना फक्त थकलेल्या नाकाला कसं वागवायचं हे माहीत होतं.

मी म्हणालो, एक गाठ घेऊन टाका, मलाही तेच आवडलं, शीतलचंही मन तिकडंच आहे. ते ऐकेनात. चिंध्या रात्रभर धानाच्या कोठीजवळ वेगवेगळ्या टांगून ठेवल्या. सकाळी पुन्हा मूठ, पुन्हा वाफ. एक गाठवालीचा गोडवा उतरला होता आणि झाडाखाली पडून फुटलेल्या फळांचा आंबूस वास उरला होता. मी तसं सांगताच भाऊजींनी मान हलवली. "तापलं. भिजल्या धानावानीच. हे तिच्या अंगावर दिवसभर राहीन, नको." दोन गाठींची चिंधी कालच्यासारखीच होती, दबकी आणि स्वच्छ. मग त्यांनी मला तिच्याबद्दल इतके प्रश्न विचारले, इतक्या वेळा विचारले, की शेवटी तो वास माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक झाला.

ताईसमोर सांगायची वेळ आली तेव्हा एक घोटाळा झाला. आम्ही धरून चाललो होतो की शिश्या समोर ठेवून बोट दाखवायचं. पण ताई शिश्या उचलून स्वयंपाकघरात गेली आणि दोन्ही मनगटांवर एकेक सेंट लावून बाहेर आली. हसत म्हणाली, "आता सांगा. कोन्त्या हातावर काय हाये, मी नाई सांगत." लहान पोरीसारखी दोन्ही हात पुढं करून त्यांच्यासमोर बसली. भाऊजींनी तिचं डावं मनगट धरलं, डोळे मिटले, नाकाशी नेलं. मग उजवं. कपाळावर घाम. मी उठलो, पाणी घेण्याच्या निमित्तानं ताईच्या मागून वाकलो, उजव्या हाताजवळून गेलो, आणि तिथं मला ते ट्रंकेतलं लुगडं भेटलं. मी खोकलो. भाऊजींनी उजव्या मनगटावर अंगठा ठेवला. "हे."

"काहून हे?" ताईनं विचारलं. आणि भाऊजी बोलायला लागले. पहिल्यांदा थोडं आंबट येतं, मग गोड, पण साखरेचं नाही. मधे जातं, गेलं असं वाटतं, घाबरायचं नाही, परत येतं. दुसऱ्या दिवशीही असंच राहतं. ताई ऐकत होती. आपलं मनगट जणू दुसऱ्या कुणाचं असावं तसं त्याच्याकडं बघत होती. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, कारण माझा चेहरा मला आवरत नव्हता.

मोठी बाटली आली. ताई रोज संध्याकाळी वंदनेआधी लावायची. भाऊजी न चुकता सांगायचे, "आज जास्त झालं," नाही तर "आज कमी हाये." ताईला केवढं कौतुक! ते बाटलीचा फवारा किती वेळा वाजला हे मोजत असत, हे मला माहीत होतं. पुढची दोन वर्षं ते असंच मोजत राहिले.

ते गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक उदबत्त्यांचे पुडे घेऊन आले. ताई पुडा हातात धरून आतल्या खोलीच्या उंबरठ्यावर उभी होती. आत लावावी की बाहेर, हे तिला ठरवता येईना. शेवटी शीतलनं पुडा घेतला आणि ओसरीच्या टोकाला लावून आली.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो, तेव्हा ताईनं ती बाटली कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली. निम्म्याहून जास्त भरलेली होती. "घरी नेऊन वहिनीले दे. ज्या नाकानं निवडलं थे नाकच नाई राहिलं. मी लावून कोनाले येईन?" ती चहा ठेवायला उठली. मी शब्द दिला होता, पण भाऊजी असेपर्यंतचाच. मग म्हणालो, ताई, बस... आणि सगळं सांगितलं. तळं, हमाल, गुडघे, चिंध्या, माझा खोकला.

ती आधी चिडली. "म्हंजे तुमी दोघं मले येडी बनवून राहिले होते? मी रोज गुडघे चोळून देत होती, अन् थे मुकाट्यानं चोळून घेत होते?" चुलीवर... नाही, गॅसवर चहा उतू गेला, तो तिनं जाऊ दिला. "मले काहून नाई सांगतलं? मी काय खाल्लं असतं का त्यायले?" मी म्हणालो, त्यांना तुझ्यासमोर लाज वाटत होती. "माह्यासमोर?" ती म्हणाली. मग खालच्या आवाजात विचारलं, "म्हंजे मी फुकटच सोडलं नं सारं? एवढी वर्स. नाकबी गेलं अन् माहे वासबी गेले."

पारीवरची एक गोष्ट मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती, वरही लिहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी, निवड झाल्यावर, भाऊजींनी चिंध्या पाण्यात धुतल्या आणि पिळता पिळता म्हणाले होते, "सारे वास गेले, प्रकाश. मोहाच्या फुलाचा आठोतो म्हनलं तं नाई आठोत. पन विमलचा येते. तिनं कदी काई लावलंच नाई नं, दुसरं काई मिसळलंच नाई त्यात. वीस-बावीस वर्स मी निव्वळ तिचाच वास घेतला. थो मले पाठ हाये." मी ते जसंच्या तसं ताईला सांगितलं. तिनं मला पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा.

"कसा हाये म्हनत होते?" तिनं विचारलं.

"नवं धान पयल्यांदा फोडलं का येते तसा. अन् थोडा धुराचा."

"धुराचा तं चुलीमुळं होता," ताई म्हणाली. "गॅस येऊन बारा वर्स झाली." असं म्हणून तिनं खांद्यावरचा पदर ओढला, मुठीत गोळा केला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि नाकाशी धरला. डोळे मिटून ती तशीच थांबली. मग पदर खाली करून पाहिला आणि पुन्हा नाकाशी नेला.

"मले तं काईच येत नाई," ती म्हणाली.